‘का’ नावाची फाइल

अक्कांच्या निरोप समारंभात आमचे विभागप्रमुख बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, “एवढ्या वर्षांत अक्कांच्या हातून एकही चूक झालेली मला आठवत नाही.” अशा वेळी सत्कारमूर्तीने मान खाली घालायची असते, शालीचं टोक सारखं करायचं असतं. अक्का खुर्चीतूनच मोठ्याने म्हणाल्या, “झाली की! एक झाली. मी स्वतः येऊन सांगितलंतं तुमास्नी. इसरला काय सर?” हशा पिकला. लोकांना वाटलं, बाई किती नम्र. अक्का नम्र वगैरे काही नव्हत्या. त्या माहिती देत होत्या. त्या चुकीत अर्ध्याहून जास्त वाटा माझा होता आणि मी तिसऱ्या रांगेत मांडीवरची चिवड्याची प्लेट सांभाळत बसलो होतो. मी उठलो नाही. ते न उठणं मला अजून टोचतं.

संख्याशास्त्र विभागाच्या संगणक प्रयोगशाळेत अक्का सहायक होत्या आणि मी तिथे पीएच.डी. करत होतो. त्यांचं शिक्षण बी.ए., विषय इतिहास, भरती टायपिस्ट म्हणून. संख्याशास्त्रातलं एक सूत्र त्यांना येत नव्हतं आणि येतं असा आवही त्यांनी कधी आणला नाही. पण त्या खोलीत बसून ज्यांनी ज्यांनी डॉक्टरेट मिळवली, त्यांतला एकही जण अक्कांना न घाबरता बाहेर पडला नसेल.

त्याचं कारण सांगायला थोडं कामाचं बोलावं लागेल. आमची सगळी आकडेमोड ‘आर’ नावाच्या प्रणालीत चालते. ती फुकट मिळते, आणि तिला जोडायची पॅकेजं जगभरातले लोक लिहून ठेवतात, तीही फुकट. एक पॅकेज आलेख काढतं, एक पावसाचे आकडे वाचतं, एक आणखी काही करतं. हजारो आहेत. एक ओळ लिहिली की पॅकेज येऊन आपल्या यंत्रावर बसतं. म्हणून सगळीकडे लोक दिसेल ते आणतात आणि एकाच फोल्डरमध्ये कोंबतात. पुढे त्यातलं कुणाला काय लागतं, कशाची आवृत्ती कधी बदलली, हे खुद्द मालकालाही सांगता येत नाही.

अक्कांच्या राज्यात हे चालत नसे. प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र फोल्डर, त्यात फक्त त्याच्या कामाची पॅकेजं. एक सामायिक फोल्डर सगळ्यांसाठी, त्यात अगदी नेहमीची तेवढी. नवीन काही हवं असेल तर अक्कांच्या टेबलासमोर उभं राहायचं. त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, “कोण हाय? कुणाकडनं आलंय? कशापायी पायजे? संगं कोण कोण येणार?” सोयरीक जुळवताना करतात तेवढी चौकशी व्हायची. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण बहुतेक पॅकेजांना चालायला दुसरी पॅकेजं लागतात आणि तीही न सांगता सोबत येतात. “पावणं एकटं कवा येतंय व्हय रं? पोराबाळांस्नी घिऊनच येतंय,” असं म्हणून त्या त्या पोराबाळांचीही नावं लिहायला लावायच्या.

हे लिहायचं ते ‘का’ नावाच्या फाइलमध्ये. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल आणि तिचं नाव नुसतं ‘का’. पॅकेज कोणतं, कुणी मागितलं आणि का. ‘लागतं म्हणून’ हे कारण चालत नसे. एकाने ‘मित्राने सांगितलं म्हणून’ असं लिहिलं. अक्का म्हणाल्या, “मग मैतराला बोलव.” मित्र हातकणंगल्याला राहायचा. दुसऱ्या दिवशी बिचारा पॅसेंजरने आला आणि ते पॅकेज काय करतं हे अक्कांना दहा मिनिटं समजावत बसला. अक्कांना त्यातलं काही कळलं नसावं. पण समजावता समजावता मित्राला आणि मागणाऱ्याला, दोघांनाही कळलं, की ते पॅकेज नकोच होतं. अक्कांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं त्या ‘मी येतो, मी बघतो’ असं बोलायच्या आणि आवाज असा, की कुजबुजल्या तरी जिन्यात ऐकू जावं. एकदा बाहेरगावचे एक मोठे तज्ज्ञ कार्यशाळेसाठी आले होते. सुरुवातीलाच म्हणाले, “आधी सगळ्यांनी आपापली सगळी पॅकेजं अपडेट करून घ्या.” तीस जणांचे हात कळफलकाकडे गेले. मागून आवाज आला, “हात वर!” तीसच्या तीस हात वर गेले. तज्ज्ञांचेही गेले. अक्का मधल्या वाटेने शांतपणे पुढे आल्या आणि म्हणाल्या, “सर, हितं सात जणांचं काम अर्ध्यात हाय. चालतंय ते हलवायचं न्हाय. तुमाला नवं पायजे तर नवा फोल्डर करून देतो, त्यात काय नाचायचं ते नाचा.” आणि दिला की करून, पाच मिनिटांत. जाताना त्या तज्ज्ञांनी ‘का’ फाइलचा फोटो काढून नेला.

शुक्रवारी दुपारी अक्का ‘फेरी’ मारायच्या. म्हणजे जागेवरून हलायचं नाही, पण एकेक फोल्डर उघडून त्यातल्या पॅकेजांची नावं आणि आवृत्त्या पडद्यावर घ्यायच्या आणि ‘का’शी ताडून बघायच्या. जे कुणी वापरत नाही असं वाटेल त्याचं नाव त्या खोलीत मोठ्याने तीनदा पुकारायच्या. तिसऱ्या वेळेपर्यंत कुणी बोललं नाही, तरी लगेच काढायच्या नाहीत. वेगळ्या फोल्डरमध्ये महिनाभर ठेवायच्या. “आणाय अक्कल लागत न्हाय, काढाय लागतीय,” असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा हा सगळा पोरखेळ वाटायचा, हे कबूल करतो. जागतिक दर्जाचं संशोधन करायला निघालेला माणूस मी, आणि इथे इतिहासाच्या बी.ए. मला रांगेत उभं करत होत्या.

ही शिस्त त्यांनी कुठल्या पुस्तकातून उचलली नव्हती. ती त्यांच्या आईच्या डंकावरची होती. त्यांची आई संकेश्वरकडची, तिला त्या अव्वा म्हणायच्या. अव्वांचा कोल्हापुरात चटणी कुटायचा डंक होता. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला बायका भाजलेल्या मिरच्या, खोबरं, तीळ, धणे असं सगळं डब्यातून घेऊन येतात आणि आपला घाणा, म्हणजे एका वेळचं कुटण, होईपर्यंत समोर उभ्या राहतात. कारण प्रत्येक घराची चटणी वेगळी आणि प्रत्येकीला आपलीच हवी. एका घराचं कुटून झालं की उखळ कुंच्याने झाडायचं, कडेला चिकटलेलंही काढायचं, मगच दुसरीचं घालायचं. अक्का लहानपणापासून तो कुंचा धरून होत्या. पॅकेजं काय नि चटणी काय, त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती. ज्याचं त्याच्या डब्यात.

आता त्या चुकीकडे येतो.

माझा विषय होता आजऱ्याकडचा घनसाळ भात. वासाचा तांदूळ, पीक बेताचं. तिथल्या एका गावात काही शेतकरी नेहमीच्या पद्धतीने दाट लावण करत आणि काही नव्या पद्धतीने, लांब लांब, कमी रोपं घालून. कुठल्या लावणीला पीक जास्त येतं ते मी तीन हंगाम मोजत होतो. मे महिन्यात गावाने मला बोलावलं. पेरण्या तोंडावर होत्या, आणि माझे आकडे बघून यंदा लावण कशी करायची हे चौदा घरं ठरवणार होती. घरचा वर्षाचा भात आणि विकायचा तोही त्यातूनच.

मला तिथे छाप पाडायची होती. एका पॅकेजात नकाशावर रंग भरून सुंदर आलेख काढता येतो असं मी पाहिलं होतं. अक्कांकडे गेलो. “कशापायी?” म्हणाल्या. मी म्हटलं, “चित्र चांगलं दिसतं.” त्या म्हणाल्या, “न्हाय. हाय त्यात काढ.” शुक्रवारी दुपारी पुन्हा गेलो. रविवारी गावात बैठक होती. अक्का पिशवी भरून उभ्या होत्या, पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचं होतं, साडेचारची एसटी गाठायची होती. मी तोंड एवढंसं करून उभा राहिलो. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उभ्या उभ्याच ते पॅकेज घातलं. माझा फोल्डर निवडायला त्या घाईत विसरल्या, त्यामुळे ते सामायिक फोल्डरमध्ये गेलं. सोबतच्या पोराबाळांची नावं पाहिली नाहीत. त्या शुक्रवारची फेरीही झाली नाही.

रविवारी मी गावात सोसायटीच्या पडवीत भिंतीवर पांढरी चादर लावून चित्र दाखवलं. नव्या लावणीचे हिरवे पट्टे उंचच उंच, जुन्या लावणीचे तांबडे बुटके. लोक खूश. मीही खूश. इतका स्पष्ट फरक मलाही आधी कधी दिसला नव्हता, पण तो कुठून आला हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही. चौदाही घरांनी नवी लावण करायचं ठरवलं. मला दोन किलो तांदूळ मिळाला.

पुढच्या शुक्रवारी अक्कांच्या फेरीत गडबड उघडी पडली. माझ्या रंगीत पॅकेजासोबत एक दुसरं पॅकेज आलं होतं, आणि सामायिक फोल्डरमध्ये त्याची जुनी आवृत्ती होती तिच्यावरच ते बसलं होतं. हेच पॅकेज आमच्या आकड्यांचे तक्ते वाचायचं. जुनं असं होतं, की तक्त्यात रिकामी जागा दिसली की थांबायचं आणि विचारायचं. नवं काही न विचारता तिथे शून्य धरून पुढे जायचं. माझ्या तक्त्यात जुन्या लावणीच्या बऱ्याच जागा रिकाम्या होत्या, कारण त्या शेतकऱ्यांनी मी पोचायच्या आत भात कापला होता. त्यांचं पीक शून्य धरलं गेलं. तांबडे पट्टे बुटके झाले ते त्यामुळे.

अक्कांना हे गणित कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं, की आवृत्ती बदलली आहे आणि ‘का’मध्ये नोंद नाही. त्यांनी जुनी आवृत्ती परत बसवली आणि मला म्हणाल्या, “चालव बघू परत.” चालवलं. हिरवे आणि तांबडे पट्टे जवळजवळ एका उंचीला आले. 

मी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हटलं, “अक्का, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. नवी लावण काही वाईट नाही. पुढच्या हंगामात आकडे दुरुस्त करू. आत्ता सांगितलं तर माझा प्रबंध वर्षभर लांबेल, आणि तुमची तर पुढच्या महिन्यात निवृत्ती आहे.”  मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“एकदा मी उखळ झाडलं न्हवतं,” त्या म्हणाल्या. “गर्दी हुती. आधीचा घाणा कांदालसणीचा, आणि मागनं आलेलं घर कांदालसूण खाईत न्हवतं. कडंला चिकटलं आसंल मूठभर. त्या बाई डबा घिऊन गेल्या पण. मी अव्वाला सांगितलं, तर अव्वा तशीच भर उन्हात चालत त्यांच्या घरी गेली. मी मागनं. दारात उभं राहून म्हणाली, माझ्या पोरीकडनं चूक झाली, ही चटणी खाऊ नका. त्या बाईंना जल्मात कळलं नसतं.”

“मग?”

“मग काय मग? आपल्या मिरच्या घालून सगळी चटणी परत कुटून दिली. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊया आजऱ्याला. त्याआधी ह्या आठ दिवसांत आणि कुणी कुणी काम केलंय ते बघतो.”

चौघांनी केलं होतं. अक्का त्याच संध्याकाळी चौघांकडे गेल्या, प्रत्येकाला समोर उभं राहून सांगितलं आणि प्रत्येकाचं काम परत चालवून घेतलं. विभागप्रमुखांना सांगितलं. सामायिक आणि माझ्या, दोन्ही फोल्डरांच्या ‘का’ फाइलमध्ये लिहिलं: ‘घाईत घातले. बघितले नाही.’ खाली स्वतःचं नाव. माझं नाव लिहिलं नाही. नियम असा होता, की मागणाऱ्याने आपलं नाव आपणच लिहायचं.

शनिवारी एसटीने आम्ही गेलो. सोसायटीच्या पडवीत तीच माणसं जमली. मी घरून चार वाक्यं पाठ करून आलो होतो. ती सुरू व्हायच्या आत अक्का उभ्या राहिल्या. “मी मशिनीतली मांडणी बघतो. परवाचं चित्र चुकलेलं हाय. चूक माझी हाय.”

 एक तरणा गडी चिडला, “आता आमी रोपं कमी टाकायचं ठरिवलं, त्याचं काय?” दुसरा म्हणाला, “चित्र तर झकास हुतं की!” गावात सगळे ज्यांना तात्या म्हणायचे ते म्हातारे शेतकरी पुढे सरकले. “म्हंजी बाई, आमची जुनीच लावण बरी म्हणायची?”

“ते बी ठाऊक न्हाय,” अक्का म्हणाल्या. “ठाऊक न्हाय एवढंच सांगाय आलोय.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. “सर, तुमी काय म्हणताय?”

हीच वेळ होती. मी म्हणायला हवं होतं, की चित्र मला हवं होतं, नको म्हणत असताना मी ते मागितलं, आणि कालपर्यंत हे दडपायला मीच निघालो होतो. मी म्हणालो, “अक्का म्हणतात ते बरोबर आहे.” शब्दाशब्दाने खरं, आणि मनातून मला माहीत होतं की हा शुद्ध पळपुटेपणा आहे.

पुढचं गावानेच ठरवलं. तात्या म्हणाले, प्रत्येकाने अर्ध्या वावरात नवी लावण करायची, अर्ध्यात जुनी, म्हणजे कुणाचंच सगळं जाणार नाही आणि खरं काय ते कळेल. तीन वर्षं मी जे मोजत होतो त्याहून हा प्रयोग चांगला होता. अक्का एवढंच बोलल्या, “मोजायचं ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे. पण का ऱ्हायलं ते लिवून ठेवा.” निघताना तात्यांनी अक्कांच्या पिशवीत तांदूळ घातला. अक्कांनी तो परत काढून ठेवला. मला माझे दोन किलो आठवले.

 परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्यांनी भाकरी सोडली, अर्धी मला दिली. गडहिंग्लज मागे पडल्यावर म्हणाल्या, “चित्र मात्र चांगलं हुतं रं.” आणि झोपल्या. मी कोल्हापूर येईपर्यंत त्यांच्याकडे बघत होतो. शाळकरी मुलगा मोठ्या माणसाकडे बघतो तसा. इतका मोठा माणूस मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

त्या हंगामात नव्या लावणीला पीक थोडं जास्त आलं, पण माझ्या चित्रातल्या फरकाच्या पासंगालाही पुरेल एवढं नाही. माझा प्रबंध वर्षभर लांबला. त्यातल्या पहिल्याच महिन्यात अक्कांचा निरोप समारंभ झाला आणि मी चिवड्याची प्लेट धरून बसून राहिलो.

आता मी शहरातल्याच दुसऱ्या कॉलेजात शिकवतो. माझ्याकडे छोटी प्रयोगशाळा आहे. प्रत्येक मुलाचा वेगळा फोल्डर, प्रत्येकात ‘का’. मुलं मला वेडा समजतात, ते ठीकच आहे. माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ते जुनं भाताचं काम अजून जसंच्या तसं आहे, त्या वेळच्या पॅकेजांसकट. एके दिवशी मी धीर करून त्याच्या ‘का’मध्ये अक्कांच्या ओळीखाली एक ओळ लिहिली: ‘हे मी मागितले, चित्र चांगले दिसावे म्हणून. अक्का नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा दिले. नंतर लपवू म्हणणाराही मीच.’ खाली माझं नाव.

अक्का हल्ली अव्वांच्या डंकावर बसतात. डंक भाचा चालवतो, उखळ झाडलं की नाही ते अक्का बघतात. गेल्या महिन्यात मी त्यांना माझी प्रयोगशाळा दाखवायला घेऊन आलो. चपला बाहेर काढून आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “उघड.” मी मुद्दाम तोच फोल्डर उघडला. त्यांनी चष्मा पुसला आणि ती ओळ वाचली. बराच वेळ वाचत होत्या. 

“हे चुकलंय,” अक्का म्हणाल्या.

“काय चुकलं?”

“तिसऱ्यांदा न्हवं. दुसऱ्यांदाच दिलं मी. एस्टी चुकत हुती म्हणून.” त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. “मला सांभाळून घ्याय लागलायस व्हय रं? खरं लिव.”

मी ‘तिसऱ्यांदा’ खोडून ‘दुसऱ्यांदा’ केलं. पुढे त्यांनी सांगितलं तसं ‘एसटी चुकत होती’ हेही लिहिलं. त्यांनी सगळं पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. मुलं कामं थांबवून ऐकत होती. ‘नंतर लपवू म्हणणाराही मीच’ इथे मी अडलो, तेव्हा मी ते वाचेपर्यंत अक्का थांबून राहिल्या.

“आता बरोबर,” त्या म्हणाल्या. “फुडचा फोल्डर उघड.”